आप्पांच्या करदोड्याची किल्ली

चहा, पाहुणे आणि संशोधन एकत्र आलं की किस्से आपोआप साठतात. आमच्याकडे लाळेच्या नळ्यांना फ्रीज लागतो. किस्से बाहेरच टिकतात!

आधी आमचं काम सांगतो. एडीएचडी असलेल्या मोठ्या माणसांच्या मेंदूला बक्षिसाची ओढ कशी लागते आणि त्यात आईबापांकडून आलेल्या जनुकांचा हात किती, हे शोधायचं. म्हणजे लक्ष टिकत नाही, काम अर्धवट सुटतं, अशांना आम्ही लॅपटॉपवर एक खेळ देतो, डोक्याला तारांची टोपी चढवतो आणि नळीत लाळ घेतो. शहाद्यात दोन खोल्या, माणसं तीन: पुण्याच्या डॉक्टर मॅडम, टोपी बसवणाऱ्या शाहीनबाजी आणि घरोघरी फिरणारा मी. पुरुषोत्तमनगरात वाढलो, म्हणून अहिराणीचा दुभाष्याही मीच.

*

लाळ देण्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, हा नियम. म्हसावदच्या विलासला तो फोनवर तीनदा सांगितला होता. पस्तिशीचा गडी, एडीएचडीचं निदान झालेलं, बोलायला एकदम मोकळा. ओसरीवर बसलो आणि चहा आला. मला एक कप, त्याला एक कप.

"विलासभाऊ, तुम्ही नाही प्यायचा!"

त्याचे वडील भटू आप्पा भडकलेच. "पाहुणाले एकला चहा पेवाले लावू? आमन्हा घरमा आशी रीत नही!"

विलासने घोट घेतला. अर्धा तास थांबलो. बरोबर अर्ध्या तासाने आप्पा म्हणाले, "आते आखो एक एक कप व्हई जाऊ द्या!"

त्या दिवशी मी पाच कप प्यायलो आणि नळी कोरडीच परत आणली!

पण विलासने आमच्या अभ्यासात नाव का दिलं, ते त्याच ओसरीवर कळलं. शेतात पपई, आणि विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या पेटीची किल्ली आप्पांच्या करदोड्याला बांधलेली. लग्न झालं, पोरं झाली, तरी ती विलासच्या हाती कधी आली नव्हती.

"हाऊ एक काम पुरं करस नही," आप्पा त्याच्यासमोरच म्हणाले. "मोटार चालू करी आनि गावमा निंघी जाई!"

विलास खाली मान घालून रिकामा कप फिरवत राहिला. मला फार वाईट वाटलं.

*

टोपीसाठी डोकं धुतलेलं लागतं, तेल अजिबात नको. रनाळ्याच्या एक काकू आल्या त्या चापून चोपून तेल लावून, घट्ट वेणी घालून! शाहीनबाजींनी कपाळावर हात मारला.

काकूंचा सवाल तयारच होता. "दवाखानामा काय झिपऱ्या सोडीसन येऊ?"

शेवटी बाजींनी स्वतः शांपू आणून मागच्या नळावर काकूंचं डोकं धुतलं. दुसऱ्या दिवशी रनाळ्याहून दोन नव्या बायका दारात हजर. "केस धोतस ते इथंच ना?"

बाजी मला म्हणाल्या, "सर, बोर्डच बदलून टाका!"

*

आमच्या फॉर्मात एक प्रश्न असतो. आज छोटी भेट हवी की महिन्याने मोठी? लांबच्या बक्षिसासाठी माणूस किती थांबतो, ते त्यावरून पाहायचं. एका शेतकरीदादांनी पटकन "आज" म्हटलं. मॅडमनी मान हलवत लिहायला घेतलं, "उतावळा..."

दादा शांतपणे म्हणाले, "मॅडम, महिनाभरमा तुमन्ही बदली व्हई जाई. मंग मी कोनले मांगू?"

मॅडमनी लिहिलेलं खोडलं!

*

मग विलास शहाद्याला आला, केस धुऊन आणि चहाशिवाय. पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं. ज्या फेऱ्यांत गुण लगेच दिसतात, तिथे त्याने आमचे सगळे उच्चांक मोडले! ज्यात गुण शेवटी एकदम मिळतात, तिथे विलाससाहेब पंख्याकडे बघत बसले.

मॅडम म्हणाल्या, "एकट्यावरून निष्कर्ष काढत नाही मी. पण एडीएचडीत लांबचं बक्षीस मेंदूला लवकर हलवत नाही, असं दिसतं. याला आळस म्हणायचं नाही."

विलासचे डोळे भरून आले. "मॅडम, हाई आप्पासले सांगशात का?"

मॅडम हसल्या. "त्यांनाच घेऊन ये. घरातली माणसं लागतातच आम्हाला."

*

आप्पा आले. "मी तं ठीक शे," म्हणत टोपी घालून ऐटीत बसले. पहिल्याच फेरीत ताडकन उठले, तारांसकट! "लाईट उनी व्हई! मोटार चालू करनी शे!" दुसऱ्या फेरीत त्यांना खिडकीतून कोणाची तरी बकरी दिसली. तिसऱ्या फेरीत ते शाहीनबाजींना टोपीची किंमत विचारत होते.

मी फॉर्म वाचायला घेतला. "हातातलं काम अर्धवट सुटतं का? लहानपणापासून?"

विलासने तोंडावर रुमाल धरला. आप्पांचा हात मात्र करदोड्याच्या किल्लीवर गेला. आप्पा म्हणाले, "मन्हा बाप माले हाईच सांगे. मरापावत त्यानी माले किल्ली नही दिधी." मग मॅडमकडे वळले. "हाई मन्हाकडथून उनं का?"

"आप्पा, यात एकच जनुक नसतं. पुष्कळ असतात, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर, आणि ते घराण्यात उतरतात. पण तुमच्याकडूनच आलं, असं एका नळीवरून मी सांगणार नाही."

"तुमी नका सांगा," आप्पा म्हणाले. "माले समजनं."

त्यांनी करदोड्याची गाठ सोडली आणि किल्ली विलासच्या तळहातावर ठेवली. विलास खुर्चीवरून उडालाच! बायकोला फोन लावला, मला मिठी मारली, बाजींना तीनदा सलाम केला. शाहीनबाजींनी पदर डोळ्यांना लावला. बापलेक हसत हसत बाहेर पडले.

पाच मिनिटांनी पाहतो तर काय, किल्ली टेबलावरच!

मी ती उचलणार, तेवढ्यात आप्पा दारात. मी म्हटलं, "किल्लीसाठी आलात ना?"

"कसानी किल्ली? मन्ह्या चपला ऱ्हाई गयात!" आप्पा अनवाणी होते. मग त्यांची नजर टेबलावर गेली. ते पोट धरून हसले, किल्ली उचलली आणि तसेच रस्त्याकडे पळत सुटले.

"विलास! थांब रे! तुन्ही किल्ली ऱ्हाई गई, तुन्ही!"

चपला अजून आमच्याकडेच आहेत.