दुसरा चमचा

रत्नागिरीकडच्या जाफर सोलकरांनी आयुष्यात दारू पाहिली नव्हती असं नाही, चाखली नव्हती. त्यामुळे एका बुधवारी दुपारी, सौदीतल्या किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीमधल्या गोदामात, आपल्याला चढली आहे की काय असा संशय त्यांना आला, तेव्हा पंचाईत झाली ती अशी, की चढल्यावर नेमकं काय होतं हे विचारायचं कुणाला? या देशात तसा जाणकार सापडणं अवघड, आणि सापडलाच तर तो कबूल कशाला होईल?

बाहेरदेशच्या खाद्यपदार्थांवर अरबी लेबलं चिकटवण्यात जाफरभाईंची सतरा वर्षं गेली होती. नको तो शब्द दिसला की काळ्या मार्करने झाकायचा, हेही काम त्यांच्याचकडे. त्या दिवशी सायप्रसहून द्राक्षाच्या पाकाच्या बाटल्या आल्या. सुपरवायझर वहाबभाई, हैदराबादचे, नमुन्याची बाटली उघडून म्हणाले, "चखो मियाँ, शहद है शहद!" जाफरभाईंनी एक चमचा चाखला. मग आणखी एक.

त्यानंतर त्यांनी खोक्यातली पुस्तिका उघडली.

पुस्तिकेत पाक होता एका पानावर. बाकी सगळी त्या बेटाची वाइन. पाच हजार वर्षांची परंपरा, अंगणात उन्हात पसरलेली द्राक्षं, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले रांजण, आणि कमांडारिया नावाची गोड वाइन, जी म्हणे कुठल्याशा राजाच्या लग्नात वाढली होती. जाफरभाईंनी ओळीवर बोट ठेवत सगळं वाचलं आणि एकेचाळीस ठिकाणी मार्कर चालवला. उरलं ते असं: 'आमच्याकडे घरोघरी काळी पट्टी असते, पाहुण्याला आधी काळी पट्टी देतात, आणि काळ्या पट्टीशिवाय लग्न लागत नाही.' वाचणाऱ्याच्या मनात काहीही आलं असतं. जाफरभाईंच्या मनात दोन चमचे आले.

कारण दुसऱ्याच दिवशी मक्केला उमऱ्याच्या यात्रेला जायचं होतं. बायको साबिरा सतरा वर्षांत पहिल्यांदा इकडे आलेली, खास त्यासाठीच. पिणाऱ्याची नमाज चाळीस दिवस कबूल होत नाही, असं लहानपणी मदरशात ऐकलेलं. साबिराच्या व्हिसाचे दिवस उरले होते एकवीस.

ते लक्षणं तपासू लागले. कान गरम झालेले. पण बाहेर त्रेचाळीस अंश. डोकं जड, ते रोजच असायचं. वहाबभाईंच्या विनोदावर मात्र हसू आलं. हे पूर्वी कधी झालं नव्हतं. जाफरभाई हादरले.

संध्याकाळी ते नमुन्याची बाटली घेऊनच घरी आले. खुर्चीवर त्यांचा एहराम, यात्रेत नेसायची दोन पांढरी वस्त्रं, घडी करून ठेवलेला.

"झयानचे अब्बा, तोंड का असं?" साबिराने विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं. ते संपायच्या आत तिने बाटलीत बोट बुडवून चाटलं.

"या अल्ला! आता दोघं!"

"गप बसा. हे उकळलेलं ना?"

"रस पिळल्या पिळल्या आटवतात, असं लिहिलंय."

"मग झालं! पहाटेची नीरा चुलीवर आटवली तर गूळ, उन्हं वर येईस्तो ठेवली तर माडी. माड तोच, मडकं तेच. माडी काढणाऱ्या भंडाऱ्यांच्या शेजारात वाढलात, एवढंही बघितलं नाही?"

"पण पुस्तिकेत एकेचाळीस वेळा..."

"ते शेजारच्या मडक्याचं कौतुक. तुम्ही या मडक्यातलं खाल्लंत."

"आणि कान?"

"सतरा वर्षांनी आज कळलं होय, इथल्या उन्हाने कान तापतात?"

जाफरभाईंनी कान चाचपले. पटलं होतं, पण पटल्यावर मोकळं वाटायला हवं, तसं वाटेना.

"पहिला चमचा नोकरीचा होता, साबिरा. दुसरा?"

"तो हावरटपणा," साबिरा एहरामाची घडी नीट करत म्हणाली. "त्याची माफी वेगळी मागायची."

गुरुवारी मक्केच्या बसमध्ये जाफरभाई मनातल्या मनात मागण्यांची उजळणी करत होते. झयानची नोकरी, साबिराचे गुडघे, इकामा या राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण, दुसरा चमचा. साबिराचं बोट यादीत घ्यावं की नाही, यावर ते बराच वेळ अडले. शेवटी, तिचं तिने पाहावं, असं ठरवलं आणि खिडकीकडे तोंड केलं.