तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

वर्ना ऑस्टाडला कॉफी विचारली की ती पहिल्यांदा नको म्हणते. दुसऱ्यांदा विचारली तर म्हणते, "अगं, तू कशाला उठतेस?" तिसऱ्यांदा विचारली की "अर्धा कप चालेल" म्हणते आणि दोन कप पिते. यात तिचं एकटीचं काही नाही. विस्कॉन्सिनच्या आमच्या या उत्तरेकडच्या टोकाला सगळे असेच. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा पाहुणा हावरट ठरतो आणि दुसऱ्या नकारावर थांबणारा यजमान चिक्कू. आर्लोनं तिला लग्नाचंसुद्धा तीन वेळा विचारलं, शुक्रवारच्या तळलेल्या माशांच्या पंगतीत, लागोपाठ तीन शुक्रवार. तो इथलाच पोरगा, त्यामुळे दुसऱ्या नकारानंतर त्यानं खुशाल चर्चचा हॉल ठरवून टाकला होता.

आता वर्ना पन्नाशीला आली. गावातल्या वृद्धाश्रमात ती दिवसपाळीची मुख्य नर्स आहे, आणि तिची आई एल्डा त्याच वृद्धाश्रमात शेवटच्या खोलीत असते. एल्डाला आता कुणाचं नाव आठवत नाही, लेकीचंही नाही. पण दुपारचं जेवण ती वर्नाच्या हातूनच घेते. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला, की ओठ मिटून भिंतीकडे बघत राहते. आपल्या नोकरीत पगाराखेरीज काही मिळत असेल तर ते हेच, असं वर्ना आर्लोला म्हणायची.

मग वृद्धाश्रम विकला गेला. नव्या मालकांनी गाव पाहायच्या आधीच फर्मान काढलं, की दिवसपाळीच्या मुख्य नर्सकडे चार वर्षांची पदवी हवी. मुदत दोन वर्षांची, नाहीतर रात्रपाळी. रात्री एल्डा झोपलेली असते.

वर्ना शिकली होती टेक्निकल कॉलेजात. आम्ही त्याला नुसतं टेक म्हणतो, आणि इथली निम्मी माणसं तिथूनच पोटाला लागलीत. शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, इंग्रजी, सगळं तिनं तिथं दोन वर्षांत केलं होतं. दोन झाली, दोन उरली, त्यातही वृद्धाश्रमातल्या अनुभवाची सूट, असा तिचा साधा हिशेब. पदवीसाठी तिनं विद्यापीठात नाव घातलं. विद्यापीठानं तिचे टेकमधले सगळे क्रेडिट, म्हणजे पुऱ्या केलेल्या अभ्यासाचे गुण, घेतले, फक्त त्यांचा एक गठ्ठा बांधून कोपऱ्यात ठेवला. आकडा धरला, विषय धरले नाहीत. पाहुण्याचा कोट आदरानं काढून घ्यायचा आणि बसायला खुर्ची द्यायची नाही, त्यातली गत. शरीररचना पुन्हा, सूक्ष्मजीव पुन्हा, इंग्रजी निबंधसुद्धा पुन्हा. एवढं सगळं करत बसलं तर मुदत टळणार, हे शेंबडं पोरही सांगेल.

विद्यापीठात डेसमंड नावाचा तरुण सल्लागार होता. फ्लोरिडाहून नुकताच आलेला, मोठ्या मनाचा, आणि ऑक्टोबरातच दोन स्वेटर चढवून बसलेला. त्यानं तिचे कागद नीट वाचले.

"एक वाट आहे," तो म्हणाला. "टेकचा जुना अभ्यासक्रम जोडून समितीकडे विनंती करायची. विषयाला विषय लावून दाखवला, की बहुतेक वेळा मानतात. अर्ज मलाच लिहावा लागतो. लिहू का तुमच्यासाठी?"

वर्नाला त्याला मिठी मारावीशी वाटली. आणि ती म्हणाली, "छे छे, तुम्हाला कशाला एवढा त्रास? केवढी मुलं खोळंबली असतील तुमच्यासाठी."

"बरं. तुमची मर्जी," डेसमंड म्हणाला आणि त्यानं फाईल बंद केली.

ती घरी आली ती खुशीतच. मग सुरू झालं वाट बघणं. हरणाच्या शिकारीचे दिवस आले, गेले. तळं गोठलं.

"विचारलं का गं त्यानं पुन्हा?" आर्लो विचारायचा.

"अजून नाही. कामात असेल."

"विचारेल. माणूस वाईट वाटत नाही."

दोघं एवढी वर्षं संसार केलेली शहाणी माणसं, पण आपणच फोन करावा असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. मला या दोघांचा राग येतो, आणि मीही तेच केलं असतं.

जानेवारीत वर्ना शरीररचनेच्या वर्गात जाऊन बसली. आजूबाजूला अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, समोर प्लास्टिकचा सांगाडा. शेजारची मुलगी तिला मॅडम म्हणायची आणि पेन मागायची. हेही तिनं हसून घेतलं असतं. पण वर्ग होता मंगळवारी आणि गुरुवारी, ऐन जेवणाच्या वेळी. ज्या जेवणासाठी हा सगळा खटाटोप, तेच हातून सुटत होतं. ती हाडांची नावं लिहायची आणि तिकडे एल्डाचं ताट जसंच्या तसं परत जायचं. सोडावं तर रात्रपाळी, धरावं तर आई उपाशी. फेब्रुवारी संपता संपता एल्डाच्या बोटातली अंगठी गळून पडायला लागली, तेव्हा वर्नानं ती काढून आपल्या पर्समध्ये ठेवली.

त्याच आठवड्यात ती डेसमंडकडे गेली. आधी रस्त्यांवरच्या बर्फाबद्दल बोलली, मग त्याच्या नव्या बुटांबद्दल. शेवटी त्यानंच विषय काढला.

"तुम्ही तेव्हा नको म्हणालात म्हणून मी ते सोडून दिलं. पण समितीची अजून एक बैठक आहे. ही शेवटचीच. शुक्रवारच्या आत पाठवता येईल. पाठवू?"

"नाही हो, राहू द्या," वर्नाचं तोंड म्हणालं. "तुमच्या मागे किती व्याप."

"ठीक आहे," डेसमंड म्हणाला.

वर्नानं गुडघ्यांवर थाप मारली, "चला, निघते," म्हणाली आणि रिवाजाप्रमाणे दारात उभी राहिली. आमच्याकडे खरं बोलणं होतं ते दारातच, कोट घातल्यावर. ती तळ्यावरच्या बर्फाविषयी बोलली. डेसमंडनं हसून हात हलवला आणि फोन उचलला.

गाडीत बसल्यावर तिला रडू फुटलं. मूर्ख बाई, मूर्ख बाई, असं ती स्टिअरिंगला सांगत राहिली. मग डोळे पुसून उतरली. एकच शब्द तर म्हणायचा होता. हो. जिना चढताना ती तो पुटपुटत होती, लहानपणी पाठांतर करायची तसा.

डेसमंडच्या खोलीत आता दुसरी बाई बसली होती. चीजच्या कारखान्याचा कोट अंगात, लोकरीची टोपी मांडीवर.

"मग मी लिहू का तुमचा अर्ज?" डेसमंड तिला विचारत होता.

"छे छे," ती म्हणाली, "तुम्हाला कशाला त्रास?"

"अहो, हो म्हणतेय ती!" वर्ना दारातून ओरडली.

दोघांनी वळून पाहिलं. "त्या नको म्हणाल्या," डेसमंड म्हणाला.

"ते पहिलं नको. पहिलं कधी धरतात का? पुन्हा विचारा."

त्यानं गोंधळून पुन्हा विचारलं. "नाही, पण तुम्ही किती कामात," टोपीवाली म्हणाली.

"हे दुसरं. अजून एकदा."

त्यानं तिसऱ्यांदा विचारलं. टोपीवाली लालबुंद झाली. "बरं बाई, तुम्ही एवढं म्हणताय तर."

डेसमंडनं हात कीबोर्डवरून खाली घेतले. "हिवाळाभर माणसं या खुर्चीत बसून नको म्हणत होती," तो हळू म्हणाला. "मला वाटायचं, केवढे स्वाभिमानी लोक आहेत."

मग त्यानं वर्नाकडे पाहिलं. "तुमची दोन झाली आहेत," तो म्हणाला. "वर्ना, तुमचा अर्ज पाठवू का?"

जिन्यावर घोकलेला शब्द तिला म्हणता येईना. ओठ मिटून ती भिंतीकडे बघत राहिली. पर्स तिनं पोटाशी घट्ट धरली होती.

"तुम्हाला फार त्रास होणार नसेल तर," ती शेवटी भिंतीलाच म्हणाली.

डेसमंडनं टोपीवालीकडे पाहिलं.

"हे हो आहे," ती म्हणाली. "लिहा पटकन."