शिडं शिवणाऱ्याचा लाकडी चमचा

शिडं शिवून शिवून म्हाताऱ्याची बोटं वाकडी झाली होती, आणि आता त्या बोटांना एकच काम उरलं होतं: बायकोला भरवणं. तिने अंथरूण धरल्याला तीन वर्षं झाली. स्टीलचा चमचा जवळ नेला की ती दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटायची. चालायचा फक्त एक जुना लाकडी चमचा, आणि त्यानेही वाटीभर मऊ भाताला तास लागायचा.

चमचा त्याच्या आजोबांचा. जगाची फेरी मारायला निघालेल्या एका नामांकित जहाजावर ते आचाऱ्याच्या हाताखाली होते. मोडलेल्या वल्ह्याच्या तुकड्यातून त्यांनी तो कोरला. त्याच जहाजावरचं वाळकं बिस्किट आणि फुटका मग आता संग्रहालयात काचेखाली दिमाखात बसलेत. जिवंतपणी ज्यांना कुणी हिंग लावून विचारलं नाही, त्यांच्या खरकट्याला मेल्यावर हा मान.

चमच्याचा सुगावा लागून संग्रहालयाच्या बाई आल्या. हातमोजे घालून त्यांनी चमचा उजेडात धरला आणि त्याच्या कडेवरून अलगद बोट फिरवलं. "हे दातांचे व्रण बघा. किती भुकेले असतील ते खलाशी."

"ते हिचे आहेत," म्हातारा म्हणाला. "गेल्या वर्षीचे."

बाईंचा चेहरा पडला, पण हेका सुटला नाही. रोज भिजून लाकूड कुजेल म्हणाल्या, हुबेहूब दुसरा चमचा करून आणला. बायकोने तीन दिवस त्यातला घास थुंकून टाकला. "मग राहू द्या, काका," बाई म्हणाल्या. "आम्ही थांबू."

तेव्हापासून दर महिन्याला फोन. "काकूंची तब्येत कशी आहे?" चार वेळा त्याने "बरी आहे" म्हणून सांगितलं. पाचव्यांदा त्याचं डोकं फिरलं. "तिच्या मरणावर टपून बसलात का?" बाई गडबडल्या, माफी मागताना बिचाऱ्यांना रडूच आलं.

त्याने फोन ठेवला. राग बाईंचा नव्हताच. सकाळी तिसऱ्यांदा चादर बदलताना त्याच्याच मनात येऊन गेलं होतं, आता सुटली तर बरं. थकला होता हो तो. थकलेल्या माणसाला देवही बोल लावणार नाही, पण हे त्याला कोण पटवणार?

भात गार झाला होता. त्याने तो पुन्हा ऊन केला, तिची उशी वर सरकवली आणि चमचा ओठांना लावला. ती तोंड उघडेना.

"सावकाश खा," तो म्हणाला. "कुणाला घाई नाही."