सायकल आहे का सर्कस?

आमचे डॉक्टर मोटार चालवत असताना समोर एखादा सायकलवाला आडवा आला, की त्यांची मान आपोआप खिडकीबाहेर यायची. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हाताचं बोट हवेत आणि तोंडाने गर्जना, "काहून रे, सायकल आहे का सर्कस?"

सायकलवाला डाव्या बाजूला असला तर मात्र पंचाईत. मग डॉक्टर शेजारी बसलेल्याच्या अंगावरून पलीकडच्या खिडकीपर्यंत वाकत. मी त्यांचा कंपाउंडर. शेजारी बसण्याचा योग मला बरेचदा येई आणि दर वेळी त्यांचं कोपर माझ्या बरगड्यांत बसे. तेवढा वेळ गाडी कोण चालवत होतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी साठ-पासष्ट सालच्या सुमाराचं नागपूर पाहिलंय, त्यांना सांगायला नको. रस्ते तेव्हा सायकलींचे होते. मिलची पाळी बदलायच्या वेळी तर बर्डीपासून कॉटन मार्केटपर्यंत नुसती चाकंच चाकं. कुणाच्या कॅरिअरवर खाट बांधलेली, कुणाच्या दांडीवर दोन पोरं, कुणाच्या हँडलला संत्र्यांची पिशवी. मोटारी इतक्या थोड्या, की कुठली कुणाची हे लोक हॉर्नवरून ओळखत. आमच्या डॉक्टरांचा हॉर्न तर सगळेच ओळखत, कारण तो थांबतच नसे. मिलमधल्या लोकांनी त्यांचं नाव भोंपू डॉक्टर ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही असावं.

त्यांचं घर धरमपेठेत आणि दवाखाना गांधीबागेत. दुपारी जेवून, थोडं पडून ते निघत, तीच दुसऱ्या पाळीच्या लोकांची मिलवर जायची आणि पहिल्या पाळीच्या लोकांची घरी परतायची वेळ. वाटेत रेल्वेखालचा लोहापूल. हा पूल ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, वरून गाडी धडधडत जाते आणि खालून रस्ता एकदम आवळतो, गळा आवळावा तसा. डॉक्टरांच्या आणि सायकलवाल्यांच्या रोजच्या लढाईचं रणांगण ते.

पण गंमत अशी, की ज्यांना ते रस्त्यात झापत तेच संध्याकाळी दवाखान्यातल्या बाकावर बसलेले असत. डॉक्टर एकेकाला निरखून बघत.

"तूच ना रे दुपारी बर्डीवर हात न दाखवता वळला?"

"हो जी."

"पुन्हा वळशील असा?"

"नाही जी."

"मग काढ शर्ट. खोकला किती दिवसांचा?"

आणि एकदा का छातीला नळी लागली, की डॉक्टरांचा आवाज इतका मऊ व्हायचा की हाच माणूस मघाशी खिडकीतून लोंबकळत होता यावर विश्वास बसू नये. "टेकडीवर जाऊन हवा खा रे जरा. मिलचा कापूस किती खाशील?" असं म्हणत पाठीवर हात फिरवायचे.

देवाजीची आणि त्यांची जुंपली ती एका वरातीवरून. देवाजी मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होता. उंच, हाडकुळा, मिशा बारीक. धंतोलीमागच्या वस्तीतून रोज दुपारी त्याची टोळी निघे. डॉक्टरांनी एक दिवस त्याच्या म्हाताऱ्या सोबत्याला इतक्या जोरात हॉर्न दिला, की तो बिचारा नालीत गेला. दुसऱ्या दिवशी लोहापुलाशी डॉक्टरांची गाडी येताच पाच सायकली शेजारी शेजारी लागल्या. मधोमध देवाजी. पाचही जण माणूस चालेल इतक्या हळू चालवत होते. डॉक्टरांनी हॉर्न दिला की पाच घंट्या वाजत. पुन्हा हॉर्न, पुन्हा घंट्या. पुढे सायकली, मागे फियाट, फुटपाथवर हसणारे लोक. कॉटन मार्केट येईपर्यंत हे असं चाललं. तिथे देवाजीने मागे वळून हात जोडले, "जयभीम, डॉक्टरसाहेब," आणि टोळी मिलकडे वळली.

डॉक्टर दवाखान्यात आले ते लालबुंद होऊन. "वरात काढली माझी! भर रस्त्यात वरात!" त्या दिवशी पहिल्या दोन पेशंटांना त्यांनी जीभ दाखवायला सांगितली आणि बघायचीच विसरले.

त्यानंतर काही महिन्यांनी ती गोष्ट घडली. दिवस थंडीचे होते. मी बर्डीवर औषधं घ्यायला गेलो होतो आणि परत जाताना डॉक्टरांच्या गाडीत बसलो. निघायला त्यांना उशीर झाला होता, जेवणावरून घरी काही बोलाचाली झाली होती. लोहापुलाशी आलो तर पुढे देवाजी, एकटाच. डॉक्टरांनी हॉर्न दिला. देवाजी सरळ सायकल चालवत राहिला. पुन्हा दिला. तो सरळच. "मुद्दाम करून राहिला बघ हा," डॉक्टर म्हणाले आणि पुलाखालच्या त्या चिंचोळ्या जागेत त्यांनी गाडी पुढे घातली.

मोठा आवाज असा झालाच नाही. मडगार्ड हँडलला घासलं, इतकंच. मग सायकल भिंतीवर आपटली आणि देवाजी तिच्याखाली.

आम्ही उतरेपर्यंत माणसं जमली. मिलची माणसं, ओळखीची, रोज शिव्या खाल्लेली. कुणीतरी दगड उचलला. डॉक्टर तिथेच उभे होते, हात लोंबकळत. तेव्हा खालून देवाजीच ओरडला, "गाडीले हात लावू नका बे! याच गाडीतून मले दवाखान्यात न्याचं हाय."

दगड खाली पडला. चौघांनी त्याला उचलून मागच्या सीटवर घातलं. डॉक्टरांनी किल्ली फिरवली, पण गाडी दोनदा बंद पडली. मेडिकल कॉलेजच्या इस्पितळापर्यंत त्यांनी हॉर्न वाजवला नाही. मागून देवाजी कण्हत कण्हत म्हणत होता, "वाजवा जी आता. आता तं वाजवा."

नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं.

पोलीस चौकीवरचा हवालदार आमचाच पेशंट. त्याने डॉक्टरांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि लिहिता लिहिता म्हणाला, "सायकलवाला रस्त्याच्या मंधात होता, बाजूले झाला नाही, असंच लिहितो साहेब. खरंच तं आहे."

"मध्येच होता," डॉक्टर म्हणाले. "बाजूलाही झाला नाही. पण मला तो दिसत होता."

हवालदाराला कळलं नाही. त्याने लेखणी थांबवली.

"लिहा," डॉक्टर म्हणाले. "मला तो चांगला दिसत होता आणि तरी मी गाडी घातली."

पुढे कोर्टात जे व्हायचं ते झालं. गाडी मात्र त्या दिवसापासून घरामागच्या शेडमध्ये गेली आणि नंतर कधीतरी विकली गेली. डॉक्टर रिक्षाने येऊ लागले. रोज दवाखाना उघडण्याआधी मेडिकलमध्ये देवाजीच्या खाटेशी जाऊन बसत. देवाजी बोलका, तो मिलच्या गमती सांगे. त्याची बायको पायथ्याशी मान खाली घालून बसलेली असे. एकदा डॉक्टर तिला म्हणाले, "बाई, पाय नीट जुळेल. काळजी करू नका."

तिने पहिल्यांदाच मान वर केली. "तुमी रोज काहून येता जी? याले बरं वाटावं म्हणून, का तुमाले बरं वाटावं म्हणून?"

देवाजी तिच्यावर खेकसला. डॉक्टर उठून निघाले. दवाखान्यात आल्यावर बराच वेळ स्टेथोस्कोप हातात घेऊन बसून राहिले. मला वाटलं, आता हे जाणार नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

पाय जुळला, पण थोडा आखूड राहिला. साच्यावर दिवसभर उभं राहणं जमेना. डॉक्टर स्वतः मिलच्या साहेबाकडे गेले. आत काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही, पण देवाजीला गोदामात बसायचं काम मिळालं. चालताना तो लंगडायचा. सायकलवर बसला की मात्र कुणाला कळायचंही नाही. "जमिनीवर पाय ठेवला का दुखते," तो म्हणे, "पायडलवर ठेवला का नाही."

एका संध्याकाळी तो पाय दाखवायला आला असताना डॉक्टरांनी इतके दिवस पोटात ठेवलेला प्रश्न विचारला. "देवाजी, खरं सांग. मी दोनदा हॉर्न दिला होता. तू बाजूला का झाला नाहीस?"

देवाजी हसला. "सायकल चालवून पाहा जी. मंग सांगतो."

डॉक्टर कधी नव्हे ते लाजल्यासारखे म्हणाले, "मला येत नाही."

लहानपणी एकदा शिकताना पडले, कपाळ फुटलं. आईने पुन्हा हात लावू दिला नाही. आयुष्यभर ज्यांना सायकल कशी चालवावी हे सांगत आले, त्या माणसाला सायकल चालवता येत नव्हती! मी औषधाच्या खोलीत जाऊन मनसोक्त हसून आलो.

पन्नाशी उलटलेली, केस पांढरे. पण बेत ठरला. रोज पहाटे कस्तुरचंद पार्कवर आम्ही तिघं जमू लागलो. देवाजीला धावता येईना, म्हणून सीट धरून धावायचं काम माझ्याकडे. देवाजी झाडाखाली बसून हुकूम सोडी. "खाली नका पाहू जी! समोर पाहा! चाक कुठं पळून नाही जाऊन राहिलं!" डॉक्टर धोतर खोचून, ओठ दाबून, समोर बघत आणि पडत. एकदा ते थेट हरभरा विकणाऱ्या बाईच्या टोपलीत गेले. देवाजी झाडाखालून ओरडला, "काहून जी, सायकल हाय का सर्कस?"

डॉक्टर जमिनीवर बसल्या बसल्या हसायला लागले. इतकं, की डोळे पुसावे लागले.

देवाजीची बायको एक दिवस कामावर जाता जाता मैदानावर आली. पदर कमरेला खोचून उभी राहिली. तिच्यासमोर डॉक्टर कुणीही न धरता पहिल्यांदा सरळ गेले आणि थांबता येईना म्हणून झाडाला आपटले. ती खुदकन हसली. मग लगेच तोंड मिटून नवऱ्याला म्हणाली, "हासली म्हणजे माफ केलं असं नाही, सांगून ठेव त्याईले." पण जाताना डॉक्टरांच्या खरचटलेल्या कोपराकडे बघून तिने नळाकडे बोट दाखवलं. "धुऊन घ्या ते. माती गेली आत."

मग रस्त्यावर उतरायचा दिवस आला. पुढे डॉक्टर, मागे देवाजी, त्यामागे मी. बर्डीपर्यंत छान चाललं. लोहापुलाच्या उतारावर मागून एक ट्रक आला आणि त्याने हॉर्न दिला. मी पाहिलं, डॉक्टरांचे खांदे एकदम वर गेले, मान ताठ झाली. हँडल घट्ट धरून ते रस्त्याच्या मधोमध सरळ जात राहिले. ट्रकवाला हॉर्न देतोय, शिव्या देतोय, हे सरळच. पुलाखालून पलीकडे निघाल्यावर कसेबसे उतरले. चेहरा पांढरा पडला होता.

"बाजूला होताच येत नाही रे," ते देवाजीला म्हणाले. "कळतं, पण होता येत नाही."

"हो जी," देवाजी म्हणाला. "तेच तं."

तिथल्या टपरीवर तिघांनी चहा घेतला.

पुढची बरीच वर्षं डॉक्टर सायकलनेच दवाखान्यात आले. रोज दुपारी मिलच्या लोकांबरोबर. शिव्या सुटल्या नाहीत, फक्त दिशा बदलली. आता मोटारवाल्यांना मिळायच्या, आणि हात न दाखवता वळणाऱ्या सायकलवाल्यांनाही. "मी दोन्हीकडचा आहे, मला अधिकार आहे," म्हणत. शहर भराभर वाढत होतं. स्कूटर आल्या, लुना आल्या, हॉर्नवरून कुणी ओळखू येईनासं झालं. डॉक्टर थकले. दवाखाना बंद झाला आणि मी गांधीबागेतच एका औषधाच्या दुकानात लागलो.

त्यांना शेवटचं पाहिलं ते शंकरनगर चौकात. मी सायकलवरून काही कामाने चाललो होतो. डॉक्टर रस्त्याच्या कडेला काठी टेकून उभे होते. पलीकडे जायचं होतं बहुधा. मी थांबलो, उतरलो, नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यांच्यासमोर औषधं घोटली, पण त्या नजरेत ओळख नव्हती. नुसता एक सायकलवाला त्यांना दिसत होता.

"जा बाबा, तू जा आधी," त्यांनी हात हलवला. "मला घाई नाही."

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. डॉक्टर गेल्याचा निरोप घेऊन देवाजीच दुकानात आला. मी शटर ओढलं आणि आम्ही दोघं सायकलने धरमपेठेकडे निघालो. दोघेही म्हातारे, हळूहळू चाललेलो. मागून एकामागून एक हॉर्न वाजत होते, कुणीतरी काहीतरी ओरडून पुढे निघून जात होतं. बर्डी ओलांडली. तेव्हा देवाजी समोरच बघत म्हणाला,

"शिव्या देनारे लय झाले गा आता. पन आपल्याले ओळखून देनारा गेला."

डॉक्टरांचं घर आलं. फाटकाशी माणसं उभी होती. आम्ही उतरलो आणि सायकली हाताने धरून आत गेलो.