सुमी खिडकीतून काय म्हणाली

भूतखेत, अंगारे, बाहेरचं काही... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. नवव्या वर्षी मेंदूज्वरात माझे दोन्ही कान गेले. ते परत यावेत म्हणून मला इतक्या भगतांपुढे बसवलं, कानांत इतकी तेलं ओतली, की बारा वर्षांचा होईपर्यंत माझा सगळा विश्वास संपून गेला होता. तरीही जे झालं ते लिहितोय. आजवर कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही.

आमचं घर असोद्याला. वडील लवकर गेले. घरात माय – म्हणजे आई – मी, आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान सुमी. मी जळगावात एका छापखान्यात कंपोझिटर होतो, शिशाचे खिळे जुळवायचं काम. मशीनच्या खडखडाटाचा मला त्रास नाही म्हणून मालक खूश. गावाला मात्र मी 'बहिऱ्या'. एसटीत तिकीट मागताना माझा आवाज किती चढलाय, हे लोकांच्या माना वळल्या की कळायचं. हळूहळू मी बोलणंच कमी केलं. मुलगी बघायला गेलो तेव्हा माझ्याऐवजी मामा बोलला, आणि तिथंच विषय संपला. पुन्हा कुणी विचारलं नाही.

लोकांचे ओठ मी थोडेफार वाचायचो, पण बराचसा अंदाजच. पूर्ण वाचता यायची ती एकटी सुमी. लहानपणापासून ती माझ्यासमोर येऊन, उजेडाकडे तोंड करून, सावकाश बोलायची. दुकानदार काय म्हणाला, शेजारचे कशाला हसले, सगळं ती मला सांगायची. लग्न होऊन ती धुळ्याला गेली, तेव्हा मी खरा बहिरा झालो.

१९८७चा एप्रिल. सुमी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तीन महिन्यांची मुलगी घेऊन नुकतीच सासरी परतली होती. लग्नसराई सुरू होती. एका गिऱ्हाइकाच्या पत्रिकांचं पार्सल टाकायला मी जळगाव स्टँडवर गेलो होतो. सकाळचे सव्वाअकरा – घड्याळ मी नीट पाहिलं होतं, कारण पार्सलची गाडी चुकेल अशी धास्ती होती. पलीकडच्या फलाटावर धुळ्याची गाडी लागली होती. तिच्या तिसऱ्या खिडकीत सुमी बसलेली.

मध्ये एका गाडीची जागा, ऊन, काचेवर धूळ. एवढ्या लांबून मला कुणाचेही ओठ वाचता येत नाहीत. पण तिचे ओठ अगदी समोर बसल्यासारखे दिसत होते. ती हसली नाही. माझ्याकडे बघून सावकाश म्हणाली –

"भाऊ, मायले सांभायजो."

आणि पुन्हा एकदा तेच – आईला सांभाळ.

मी धावलो. गाडी सुटली. मी पत्र्यावर हात आपटला, कंडक्टरने दारातून हात झटकला. मला रागच आला. जळगावपर्यंत येऊन ही घरी न येता परत जाते?

दुपारी घरी येऊन आईला विचारलं. "नाही रे, सुमी कुठची येते?" ती म्हणाली. मी तिला सुमीचा निरोप सांगितला. आईला बरं वाटलं. "एवढी काळजी माही?" म्हणाली.

चार वाजता गावातल्या फोनवाल्या दुकानाचा माणूस आला. मी आईचा चेहरा पाहिला आणि मला समजलं. सुमी गेली होती. कावीळ. पाच दिवस धुळ्याला दवाखान्यात, शेवटचे दोन दिवस शुद्ध नव्हती. सकाळी साडेदहाला संपलं. सासरच्यांनी टाकलेलं पत्र आम्हाला नंतर मिळालं.

धुळ्याला सगळं उरकल्यावर सुमीची सासू आईशी काही बोलली. मला कळेना. मग आई माझ्यासमोर येऊन म्हणाली, "त्या म्हणता, पोरीले तुम्हीच घेऊन जा, त्यांच्याच्यानं आता होत नाही. घेऊन जाऊ रे. मी पाहीन तिले."

आईला दमा होता. चार पावलं चालली की ती बसायची. आणि सुमीने जाताना मागितलं होतं ते एवढंच... मी नाही म्हणालो. सगळे दचकले, म्हणजे मी ओरडलोच असणार. आई रडली, पण माझ्या शब्दाबाहेर गेली नाही.

श्रावणात कार्ड आलं. जुलाब झाले, मुलगी गेली. दोन ओळी.

दोन वर्षांनी मुक्या-बहिऱ्या मुलांना शिकवणाऱ्या एक बाई छापखान्यात प्रगतिपुस्तकं छापायला आल्या. मला सगळ्या बोलण्याचा अंदाज येतो याचं त्यांना कौतुक वाटलं. मग त्यांनी कागदावर लिहून दाखवलं – 'प, ब, भ, म. हे ओठांवर सारखेच दिसतात. तुम्ही कसे ओळखता?'

मी तसाच उठलो. मोरीजवळच्या आरशापुढे गेलो. माय म्हटलं. मग बाय म्हटलं. आमच्याकडे लहान मुलीला बाय म्हणतात. सुमीच्या मुलीचं बारसं राहिलं होतं, तिला सगळे बायच म्हणायचे.

आरशात दोन्ही एकच.

किती वेळ म्हणत होतो कोण जाणे. मालकाने खांद्यावर हात ठेवला तेव्हा थांबलो.

आई नंतर पाच वर्षं जगली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माही सुमी जाता जाता माही काळजी करून गेली." तेवढाच तिला आधार होता. तो मी मोडला नाही. मोडायला तरी माझ्याकडे काय होतं? सुमी माय म्हणाली असेल. बाय म्हणाली असेल. मला कळायला काहीच मार्ग नाही.

एका डॉक्टरांना स्टँडवरचं तेवढं सांगितलं होतं. ते म्हणाले, मनाचे खेळ, दुसरी कुणी बाई असेल. असेलही. पण मग तिने मला भाऊ कसं म्हटलं?

मेलेलं माणूस पाऊण तासात धुळ्याहून जळगावला कसं येतं, हे मी आता कुणाला विचारत नाही. मला वेगळंच कळत नाही. घरात चांगल्या कानांची आई होती. तिच्याकडे न जाता सुमी माझ्याकडे का आली?