आवणीतला भूगोल

कुमुद गेल्याचा फोन आला तेव्हा तिचाच आवाज माझ्या कानात होता. अलिबागहून मुंबईला निघाले होते, बोटीवर बसून तिचा भरती-ओहोटीवरचा पॉडकास्ट ऐकत होते. फोन वाजला, धडा थांबला, तिची बहीण म्हणाली, "ताई गेली गं सकाळी." फोन ठेवला आणि धडा आपोआप पुढे सुरू झाला... चंद्र समुद्राला कसा ओढतो, ते कुमुद मजेत सांगत होती. गेली दोन वर्षं तिला आवाज नव्हता, हे आधी सांगायला हवं.

तळा गावच्या कॉलेजात ती भूगोल शिकवायची, मी मराठी. आमच्याकडे आवणी लागली, म्हणजे भाताची रोपं लावायची वेळ आली, की वर्ग ओस. आम्ही बाकीचे हजेरीवरून चिडचिड करायचो. कुमुद सरळ वनिताच्या शेतावर गेली. वनिता म्हणजे लग्न, मुलंबाळं झाल्यावर पुन्हा बी.ए.ला बसलेली आमची विद्यार्थिनी. "नोट्स दिल्यात, त्या तरी वाच," कुमुद म्हणाली. वनिताने कोपरापर्यंत चिखलाने माखलेले हात दाखवले. "मॅडम, ह्या हातांनी कागद कसा धरू? कान तेवढे मोकळे हायत."

झालं, बाईंच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आवाज घुमू नये म्हणून नकाशांच्या खोलीच्या भिंतींना तिने घरच्या गोधड्या टांगल्या आणि मोबाइलवर धडे रेकॉर्ड करायला बसली. बांधावर प्लास्टिकच्या पिशवीत फोन ठेवून अख्खी रांग ऐकायची. वनिता, तिची सासू, शेजारणी. धड्यात प्रश्न विचारला की उत्तर सांगण्याआधी कुमुद चांगली गप्प राहायची. एकदा आमच्या एका तरुण सरांनी हौसेने एडिटिंग केलं आणि त्या सगळ्या रिकाम्या जागा चूक समजून कापून टाकल्या. वनिताची सासू, जिचा परीक्षेशी काडीचाही संबंध नव्हता, तडक कॉलेजात हजर. "बाईंना घाई कसली झाली? आमी इचार करतो तवर उत्तर सांगून मोकळ्या." मी थक्कच झाले. इतकी वर्षं शिकवून मला असं ऐकणारं कुणी मिळालं नव्हतं.

मग तिच्या घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. कुणीही हातपाय गाळले असते. ही बया ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत त्या गोधड्यांत बसून उरलेले धडे संपवत होती. "अगं, स्वतःसाठी तरी काही बोलून ठेव," मी म्हटलं. "हेच की," ती म्हणाली. समोर बसून ऐकलेले तिचे हे शेवटचे शब्द.

आणि नंतर अभ्यासक्रमच बदलला. निम्मे धडे बाद. मला वाटलं, संपलं सगळं... तिने मोबाइलवर टाइप करून माझ्यापुढे धरलं, "वनिता बोलेल." वनिता तोवर पदवीधर झाली होती, पण माइक बघून तिची बोबडी वळली. "माझं गावठी बोलणं कोण ऐकल?" कुमुद समोर बसून हाताने खुणा करायची: सावकाश, मोठ्याने, पुन्हा. लिहायची ती, बोलायची वनिता. पण दर धडा वनिता एकाच वाक्याने सुरू करायची, "कुमुदमॅडम सांगतात की..." कुमुद जोरजोरात हात हलवून नको म्हणायची. वनिता ऐकेल तर शपथ. ज्या बाईला स्वतःचा आवाज उरला नव्हता, ती दुसरीला स्वतःचा आवाज घे म्हणून भांडत होती. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून विश्वास बसतो.

परवा नकाशांच्या खोलीवरून जात होते. दार लोटलेलं, आत वनिता. खाडीचं खारं पाणी शेतात कसं शिरतं, हा धडा. तो लिहून व्हायच्या आतच कुमुद गेली, तेव्हा वनिताने सगळा स्वतःच जुळवला होता. तिने घसा साफ केला. आता नेहमीचं वाक्य येणार म्हणून मी उगीचच दाराशी थांबले.

"मी वनिता," ती म्हणाली. "आज मी सांगते."

मी तिथेच व्हरांड्यात खाली बसले आणि पूर्ण धडा ऐकला.