नाकताई आणि धातूमुक्त पद्धत

रसायनशास्त्र विभागात त्यांना तोंडावर ताई आणि पाठीमागे नाकताई म्हणत, आणि हे ताईंना ठाऊक होतं. सव्वीस वर्षं त्या लॅब असिस्टंट होत्या. गंधकाची संयुगं बनतात तिथे कुजलेल्या अंड्यांपासून सडक्या कांद्यापर्यंत सगळे वास नांदतात. ताईंचं नाक त्यातून नेमका वास वेगळा काढायचं. प्रयोग पूर्ण झाला की नाही हे सांगणारं एक महागडं यंत्र विभागाने घेतलं होतं, पण ते बहुतेक वेळा आजारी असायचं. मग मुलं चंबू ताईंसमोर धरायची. "अजून तासभर," ताई म्हणायच्या, आणि तासाभराने खरंच काम झालेलं असायचं.

घरी मात्र या नाकाचं कौतुक शून्य. सासूबाई दार उघडतानाच रुमाल तोंडाला लावायच्या. "आधी आंघोळ, मग काय ते बोल." नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो स्वभावाने गरीब. उठून खिडकी उघडायचा.

विभागाचे प्रमुख म्हणजे सर. सरांना शोध लावायची फार घाई होती, कारण शेजारच्या विभागप्रमुखांना एक लागून गेला होता. गंधक आणि नायट्रोजन एकमेकांना जोडता आले तर औषधं बनवणाऱ्यांना ते हवंच असतं. पण नुसतं एकत्र ठेवलं तर गंधकाचे रेणू नायट्रोजनकडे ढुंकूनही बघत नाहीत, आपसातच चिकटून बसतात. त्यांना वळवायला जहाल रसायनं लागतात. सरांच्या नव्या पद्धतीत तसलं काही नव्हतं. धातू नाही, उष्णता नाही. हवा लागू द्यायची आणि ढवळत राहायचं. शंभरातले ब्याण्णव भाग हवा तोच पदार्थ.

सरांनी शोधनिबंध छापला. 'धातूमुक्त' हा शब्द त्यात एकोणीस वेळा आला. सत्कार झाला, जिन्यात सरांचा फोटो लागला. निबंधावर सरांचं नाव होतं, त्यांच्या विद्यार्थिनीचं होतं, आणि कुलसचिवांच्या, प्रयोगशाळेचा रस्ताही ठाऊक नसलेल्या भाच्याचंही होतं. ताईंचं नव्हतं. त्यांनी फक्त प्रयोग केले होते.

चार महिन्यांनी दुसऱ्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेचं पत्र आलं. अकरा वेळा पद्धत करून पाहिली, शंभरात तीन भागांवर काही मिळत नाही, काय चुकतंय ते कळवावं.

"हाताला सफाई नाही त्यांच्या," सर म्हणाले. "नाचता येईना, अंगण वाकडं."

दुसरं पत्र आलं, मग तिसरं. तेव्हा सरांनी विद्यार्थिनीला सगळं सामान नवंकोरं घेऊन प्रयोग लावायला सांगितला. दुपारी ताईंनी चंबू हुंगला.

"नाही झालं. गंधक गंधकालाच चिकटलाय."

विद्यार्थिनी रडकुंडीला आली. "ताई, तुम्ही वेगळं काय करता?"

ताईंनी जरा विचार केला आणि आपल्या कप्प्यातून एक चुंबकी कांडी काढली. द्रावण ढवळायला चंबूत सोडतात ती, बोटाच्या पेराएवढी, पांढऱ्या आवरणाची. ही मात्र पांढरी उरली नव्हती. आवरणाला चरे पडले होते आणि चऱ्यांत हिरवट डाग होते.

"नव्या कांड्यांच्या कपाटाला सरांचं कुलूप. म्हणून मी हीच वापरते. आधी ते तांब्याचं काम चालायचं ना, त्यातली. घासून घासून हात दुखले, डाग जात नाही."

विद्यार्थिनीने तीच कांडी टाकून प्रयोग पुन्हा लावला. नव्वद भाग. मग नवी कांडी घेतली आणि तांब्याच्या क्षाराचा एक कण टाकला. एक्क्याण्णव. धातूमुक्त पद्धत इतके दिवस तांब्याच्या जिवावर चालली होती.

हे ऐकल्यावर सरांनी ताईंना खोलीत बोलावलं आणि दार लावलं.

"बाई, ती कांडी फेकून द्या."

"मग पदार्थ होणार नाही, सर."

"ते मी बघतो. पुढच्या आठवड्यात त्या प्राध्यापिका स्वतः येताहेत. तुम्ही तेव्हा रजा घ्या."

सव्वीस वर्षांत सरांनी आपणहून देऊ केलेली ही पहिली रजा.

घरी ताईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने चष्मा पुसून नाकावर चढवला.

"कांडीची नोंद आहे का विभागाच्या सामानाच्या वहीत?"

"आहे."

"मग अर्जाशिवाय कशी फेकशील? तीन सह्या लागतील."

ताईंना त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं. त्यांनी रजा घेतली नाही.

प्राध्यापिका आल्या. सरांनी तासभर पडद्यावर आलेख दाखवले. त्या शांतपणे बघत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "प्रयोग कोण करतं?"

सरांनी विद्यार्थिनीकडे बोट केलं. विद्यार्थिनीने ताईंकडे पाहिलं. ताई पुढे झाल्या आणि त्यांनी कांडी टेबलावर ठेवली.

"यात तांबं आहे. मुद्दाम केलं नव्हतं, आम्हाला कळलंच नव्हतं. कळलं तेव्हा सरांना सांगितलं. त्याला दहा दिवस झाले."

प्राध्यापिकांनी कांडी उचलून उजेडात धरली.

"अर्थातच," सर म्हणाले, "तेच आम्ही तुम्हाला कळवणार होतो."

आणि सरांनी कळवलंही, पण आपल्या रीतीने. पहिला निबंध मागे न घेता त्यांनी दुसरा छापला: अत्यल्प तांब्याने गंधक-नायट्रोजन जोडण्याची नवी पद्धत. पहिल्याला त्यात 'प्राथमिक निरीक्षण' म्हटलं होतं. भाचा याही निबंधावर होता. दुसऱ्या सत्कारात सर म्हणाले, "विज्ञानात प्रामाणिकपणाला पर्याय नसतो." टाळ्या कडाडल्या. ताईंनीही वाजवल्या, सगळे वाजवत होते म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांची बदली भांडाराच्या खोलीत झाली, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला.

महिन्याभराने प्राध्यापिकेचं आमंत्रण आलं: ताईंना पंधरा दिवस आमच्या मुलांना शिकवायला पाठवा. सरांनी 'कामाच्या व्यापामुळे' नकार कळवला. ताईंनी साठलेल्या रजेचा अर्ज भरला, मंजुरीची सही वरच्या कार्यालयातून परस्पर आणली आणि बॅग भरली.

"तिथेही असलाच घाण वास असेल?" सासूबाईंनी विचारलं.

"असेल की."

"मग दोन रुमाल जास्त ने."

तिकडे चार संशोधक वह्या उघडून बसले होते. ताईंनी पहिले दोन दिवस त्यांना काही लिहू दिलं नाही, फक्त भांडी आणि ढवळायच्या कांड्या घासायला लावल्या.